हिरड्याचे कंगोरे आणि मोजणाऱ्याचे बोट

या अंकात येईल म्हणून ज्याची आगाऊ घोषणा केली होती, तो हरीतकीच्या आकारभेदांवरील शोधलेख आम्ही छापलेला नाही. सभासद वैद्यांकडून आणि औषधीनिर्मात्यांकडून त्याविषयी विचारणा होत आहे. आयुर्वेदाच्या बाजूचा पुरावा संपादक मंडळाने दडपला, असा रोषही काही पत्रांतून व्यक्त झाला आहे. तो रोष आम्ही समजू शकतो. म्हणूनच घडले ते सविस्तर सांगणे आम्हास कर्तव्य वाटते. लेखकाचे अथवा त्याच्या महाविद्यालयाचे नाव येथे घेत नाही. चूक त्या तरुण विद्यार्थ्याची एकट्याची नव्हती. लेख पहिल्या वाचनात स्वीकारणारे आम्हीही तिचे भागीदार होतो.

भावप्रकाशातील हरीतकीच्या सात जाती आपणा सर्वांस विद्यार्थिदशेपासून पाठ आहेत. विजया दुध्या भोपळ्यासारखी, रोहिणी गोल, पूतना लहान व मोठ्या आठळीची, अमृता मांसल, अभया पाच रेषांची, चेतकी तीन रेषांची. एक जीवंती तेवढी सोनेरी वर्णावरून ओळखावयाची. म्हणजे वर्णाचा हा अपवाद सोडला तर बाकीच्या जाती फळाच्या घडणीवरून सांगितल्या आहेत, आणि कार्यही वेगवेगळे सांगितले आहे. रोहिणी व्रणरोपणास, अभया नेत्ररोगात, अमृता शोधनास, चेतकी चूर्णास. व्यवहारात मात्र आपल्या कोठारात बाळहिरड्याचे एक पोते असते आणि सुरवारी हिरड्याचे दुसरे. रोहिणी आणि अभया निरनिराळ्या डब्यांत ठेवणारा औषधीनिर्माता आमच्या तरी पाहण्यात नाही.

अशा स्थितीत एक पदव्युत्तर विद्यार्थी दोन बाजारपेठांतून हिरडे आणतो. एका पेठेतले त्यास रोहिणीसदृश वाटतात, दुसऱ्या पेठेतले अभयासदृश. तो त्यांच्या त्रिमित प्रतिमा घेतो, आणि संगणक त्या फळांचे दोन स्वच्छ, एकमेकांस न शिवणारे पुंजके पाडून दाखवितो. एक लाल, एक निळा. ते चित्र पाहून आम्हास आनंद झाला, हे कबूल करण्यात संकोच नाही. मुखपृष्ठावर ते घ्यावे, अशीही चर्चा झाली होती.

ही पद्धती थोडक्यात सांगणे अवश्य आहे. स्कॅनरने अथवा सर्व बाजूंनी घेतलेल्या अनेक छायाचित्रांवरून फळाचा पृष्ठभाग संगणकात उभा करतात. तो हजारो लहान त्रिकोणांचा विणलेला असतो. त्यास जाळी अथवा मेश म्हणतात. मग प्रत्येक फळावर त्याच त्या जागी बिंदू ठेवतात. हे खूणबिंदू, म्हणजे लँडमार्क. पहिल्या फळावरचा तिसरा बिंदू आणि पन्नासाव्या फळावरचा तिसरा बिंदू हे फळाच्या एकाच भागावर असले पाहिजेत. सारी इमारत या एका अटीवर उभी आहे. त्यानंतर सर्व फळांचे बिंदुसमूह एका मध्यावर आणावयाचे, समान मापाचे करावयाचे, आणि जोडीचे बिंदू परस्परांच्या अधिकात अधिक जवळ येईपर्यंत फिरवावयाचे. या क्रियेस प्रोक्रस्टीसचे नाव आहे. ग्रीक पुराणातील हा दरोडेखोर पाहुण्यास खाटेच्या मापाचा करण्यासाठी ताणी किंवा कापी. अनेक नमुन्यांना एकदम लागू पडणारे तिचे रूप गॉवर यांनी १९७५ मध्ये मांडले. इतका सूचक नामनिर्देश शास्त्रात क्वचितच झाला असेल.

यातली मूळ कल्पना आपणास परकी नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानात पुरुषाची उंची ८४ अंगुळे सांगितली, ती ज्याच्या त्याच्या अंगुळांनी. माप देहातूनच घेतल्यामुळे थोराड आणि ठेंगणा यांची तुलना शक्य होते. लहानमोठेपणा बाजूस पडून घडण उरते. सुश्रुतसंहितेत तेच प्रमाण १२० अंगुळे आहे. हा विरोध नव्हे. चवड्यांवर उभे राहून हात वर केलेल्या पुरुषाचे ते माप, असे टीकाकारांनी स्पष्ट केले आहे. माप कोठून कोठवर घ्यावयाचे हे ठरल्यावाचून ८४ आणि १२० शेजारी शेजारी लिहून काही निष्पन्न होत नाही. खूणबिंदूंचे सारे दुखणे या एका उदाहरणात आहे.

शंकेस आरंभ झाला तो आमच्या मंडळातील एका औषधीनिर्मात्या सभासदामुळे. त्यांची पूर्ण हयात हिरडा, बेहडा, आवळकाठी चाळण्यात गेली आहे. संगणकाशी त्यांचा संबंध हिशेबापुरता. ते म्हणाले, “ते लाल-निळे ठिपके राहू देत. सगळ्यांची सरासरी काढून जो हिरडा होतो, तो मला दाखवा.” विद्यार्थ्याने तो काढून पाठविला. फळ देठाकडून आणि टोकाकडून दाबून चपटे केल्यासारखे दिसत होते, जणू भाकरीसाठी थापलेला गोळा. आमचे सभासद चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “असा हिरडा मी जन्मात विकत घेतला नाही.” त्या एका वाक्यावर आम्ही मूळ फाइली मागविल्या. प्रत्येक परीक्षकाने आधी सरासरी आकृती पाहावी, पुंजके नंतर, हा धडा आम्ही त्या दिवशी घेतला.

फाइली उघडल्यावर पहिला दोष मापाचा निघाला. एका गटाच्या जाळ्या मिलिमीटरमध्ये होत्या, दुसऱ्या गटाच्या मीटरमध्ये. औषधिसंहितेप्रमाणे अखंड हिरडा २० ते ३५ मिलिमीटर लांब असतो. दुसऱ्या गटातल्या फळांची लांबी ०.०३ अशा आकड्यांत होती. अनेक जाळी-फाइलींत एकक नोंदलेलेच नसते, आकडे तेवढे असतात. गंमत अशी, की या दोषामुळे निष्कर्षात काही बिघडले नव्हते. सर्व नमुने समान मापाचे करण्याची पायरी हजारपटीचा फरकही निमूटपणे पुसून टाकते. नमुन्याचे आकारमान, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बिंदूच्या अंतराचा वर्ग करून त्या बेरजेचे वर्गमूळ, एका वेगळ्या रकान्यात मिळत असते. तो रकाना कोणी पाहिलाच नव्हता. विद्यार्थ्यानेही नाही, मार्गदर्शकांनीही नाही, आम्हीही नाही. तो पाहिला असता तर दोन गट दोन निराळ्या हातांनी तयार झाले आहेत, हे तेव्हाच ध्यानात आले असते.

दुसरा दोष जाळ्यांचा. काळसर, तुकतुकीत पृष्ठभागावरून स्कॅनरचा प्रकाश नीट परत येत नाही. जाळीत भोके पडतात. त्यावर उपाय म्हणून एका गटातील फळांवर शंखजिऱ्याची पूड फुंकली होती. उपाय प्रचलित आहे, परंतु पूड जाड बसली की कंगोऱ्यांमधील खळगे भरतात, आणि आपण मोजणार ते नेमके कंगोरे! फळ उभे राहावे म्हणून देठाकडची बाजू मातीच्या गोळ्यात रोवली होती. त्यामुळे तेथे जाळी फाटकी होती, आणि संगणकाने ते भोक सपाट पडद्याने बुजविले होते. देठाच्या खुणेवरचा पहिला खूणबिंदू त्या बुजविलेल्या पडद्यावर ठेवलेला आढळला. म्हणजे तो बिंदू हिरड्यावर नव्हताच. याशिवाय मातीचे सुटे तुकडे जाळीत तरंगत होते, काही त्रिकोणांची बाहेरची बाजू आत वळलेली होती. ही सफाई मेशलॅबसारख्या विनामूल्य प्रणालीत होते. तिला कौशल्य थोडे आणि चिकाटी फार लागते. फक्त एक सावधगिरी हवी. खडबडीतपणा घालविण्यासाठी जाळी गुळगुळीत करण्याची जी कळ असते, ती दोनचारदा अधिक दाबली तर अभयेची रोहिणी होते. ज्या गटाची जाळी किती वेळा घासली याची नोंद नाही, त्या गटाच्या गोलाईवर काय विश्वास ठेवावा?

तथापि यांपैकी कशानेही फळ चपटे झाले नसते. खरा रोग वेगळ्या ठिकाणी होता.

बुकस्टीन यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात खूणबिंदूंचे तीन वर्ग केले आहेत. जेथे भिन्न ऊतक एकत्र येतात तो बिंदू सर्वांत भरवशाचा. जेथे वक्रता सर्वाधिक तो त्याखालोखाल. आणि ‘सर्वांत दूरचा’, ‘मधोमधचा’ असे जे केवळ दुसऱ्या बिंदूंच्या आधाराने ठरतात ते सर्वांत दुबळे. हिरड्यावर पहिल्या वर्गाचा बिंदू एकच, देठाची खूण. टोक दुसऱ्या वर्गाचे. मग उरतात सुकल्यावर उठून दिसणारे कंगोरे, बहुधा पाच. आणि प्रत्येकाच्या मध्यावर ठेवलेला बिंदू तिसऱ्या वर्गाचा. सदर अभ्यासात असे पाच मध्यबिंदू आणि त्यांच्या दरम्यान कंगोऱ्यावरून सरकणारे पुष्कळ उपबिंदू होते.

आता प्रश्न असा, की पाच कंगोऱ्यांपैकी पहिला कोणता? मनुष्याच्या हातास अंगठा असतो, हिरड्यास नाही. झाडावरून तोडलेल्या फळावर ‘येथून मोजा’ अशी खूण निसर्गाने ठेवलेली नाही. विद्यार्थ्याने जो कंगोरा समोर आला त्यास १ म्हटले आणि देठाकडून पाहत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजले. दुसऱ्या पेठेतल्या फळांवर बिंदू ठेवण्यास त्याने एका सहाध्यायाची मदत घेतली. सहाध्यायी फळ उलटे धरून टोकाकडून पाहत होता. त्यानेही काट्याच्याच दिशेने मोजले. दोघेही आपापल्या परीने बरोबर. परंतु देठाकडून पाहता दुसऱ्याचे आकडे उलट दिशेने जातात. परिणामी दुसऱ्या गटाचा प्रत्येक हिरडा संगणकाच्या लेखी पहिल्याचे आरशातले प्रतिबिंब झाला. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात घालावा तशी प्रोक्रस्टीसची स्थिती झाली. कंगोऱ्यांचा क्रम जुळवायचा तर फळ उलटे करावे लागते, मग देठ टोकाच्या जागी जातो. देठ जागेवर ठेवावा तर कंगोरे जुळत नाहीत. यंत्राने मध्यम मार्ग काढला. सरासरीत फळ चेपले गेले आणि दोन माणसांच्या दोन धरण्या दोन जाती म्हणून वेगळ्या पडल्या. लाल म्हणजे रोहिणी नव्हे, लाल म्हणजे विद्यार्थी. निळा म्हणजे सहाध्यायी.

येथे एका हितचिंतकाने सुचविले, की प्रणालीत प्रतिबिंबासही अनुमती देणारी सोय असते, ती चालू करा म्हणजे झाले. आम्ही ते नाकारले. त्याने चूक दुरुस्त होत नाही, दिसेनाशी होते. आणि एखादे फळ खरोखरच एका अंगास पिळवटलेले असेल तर तेही त्यासरशी झाकले जाते. बिंदूंचे क्रमांकच फिरवून लावणे हा सरळ मार्ग होता. विद्यार्थ्याने तो स्वीकारला, प्रत्येक फळ पुन्हा उघडून. दोन पुंजके बऱ्याच अंशी एकमेकांत मिसळून गेले. काही थोडी फळे त्यानंतरही दूर उरली. त्यांपैकी एकावर टोकाचा बिंदू शेजारच्या सुरकुतीवर पडलेला निघाला.

अशा एकट्या चुकलेल्या बिंदूचे लक्षण सांगण्याजोगे आहे. चूक एका जागी असते, पण सर्व बिंदूंचे एकत्रित अंतर कमीत कमी करण्याच्या धडपडीत यंत्र ती सर्व बिंदूंवर थोडी थोडी वाटून देते. चित्रात पूर्ण फळ किंचित हललेले दिसते आणि खरा अपराधी त्या गर्दीत लपतो. लाकडी बाहुल्याच्या लांबलेल्या नाकावरून पाश्चात्त्य अभ्यासक यास ‘पिनोकिओ परिणाम’ म्हणतात. वेदना खांद्यात आणि विकार अन्यत्र, हा अनुभव वैद्यास नवा नाही. म्हणून सरासरीपासून सर्वांत दूर असलेले नमुने क्रमाने काढून प्रत्येकाची जाळी बिंदूंसह डोळ्यांनी पाहावी; जिओमॉर्फ या विनामूल्य संचात तशी सोयच आहे. दूरचा नमुना दिसताच तो वगळून टाकणे मात्र अप्रामाणिकपणाचे होय. कदाचित तीच खरी चेतकी असेल.

आणखी एक खोडी, कारण ती पुढेमागे कोणास तरी छळणार आहे. थ्रीडी स्लायसर या प्रणालीत ४.११ या आवृत्तीपासून फाइल जतन करताना अक्षांची दिशा बदलली. जुनी जाळी आणि नवे बिंदू एकत्र उघडले की बिंदू फळापासून दूर अधांतरी दिसू शकतात. पहिल्या दोन्ही अक्षांची चिन्हे बदलावयाची असतात. ती केवळ अर्धी फेरी आहे, घडणीस धक्का लागत नाही. घाईने एकाच अक्षाचे चिन्ह बदलणारा मात्र पुन्हा त्या आरशात जाऊन पडतो.

क्रमांकांची दिशा सुधारली तरी ‘पहिला कंगोरा कोणता’ हा प्रश्न तसाच उरतो. सर्वांत ठळक कंगोऱ्यास १ म्हणावे, असे आमच्यातील एकाने सुचविले. पण मग प्रत्येक फळाचा पहिला कंगोरा मोठाच असणार, सरासरी हिरडा एका बाजूस फुगणार, आणि तो फुगवटा आपल्या नियमाचा असेल, फळाचा नव्हे. साव्रियामा आणि क्लिंगेनबर्ग यांनी २०११ मध्ये फुलांसारख्या चक्राकार घडणींसाठी जो मार्ग दाखविला, तो येथे योग्य वाटतो. प्रत्येक फळाचे बिंदू पाचही प्रकारे क्रमाने फिरवून सर्व प्रती एकत्र तपासावयाच्या. मग पहिलेपणाचा मान कोणासच राहत नाही. अर्थात सहा कंगोऱ्यांचा हिरडा आला की ही व्यवस्था कोलमडते. तेथे आमच्याजवळ उत्तर नाही, आणि तीन रेषांची चेतकी व पाच रेषांची अभया एका बिंदुसमूहात बसवावयाची कशी, याचेही नाही.

इतके सर्व निर्दोष झाले तरी एक भय शिल्लक राहते. त्रिमितीत प्रत्येक बिंदूचे तीन आकडे. स्थान, फिरणे आणि माप यांचे सात वजा जाता ४० बिंदूंचे ११३ स्वतंत्र आकडे होतात. फळे जर तीसच असतील, तर आकडे फळांहून कितीतरी अधिक झाले. गट आधीच सांगून त्यांच्यातील भेद शोधावयास लावणाऱ्या काही रीती अशा वेळी कोठलाही भेद नसलेल्या आकड्यांतूनही सुरेख वेगळे पुंजके काढून देतात. बुकस्टीन यांनी, आणि स्वतंत्रपणे कार्दिनी, ओ’हिगिन्स व रोल्फ यांनी २०१९ मध्ये हे दाखवून दिले आहे. मुखाकृतीच्या त्रिमित प्रतिमेवरून वात-पित्त-कफ प्रकृती सांगणाऱ्या यंत्रांची जाहिरात पुस्तके आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांतली तीन रंगांची तीन बेटे पाहून आम्हास आता प्रथम हेच आठवते. दाढीने जाळीत पडलेली भोके, स्मिताने सरकलेले ओठांचे कोपरे, यांचा तेथे उल्लेखही नसतो. असे यंत्र घेण्यापूर्वी आमच्या वैद्यबंधूंनी व भगिनींनी विक्रेत्यास एक काम सांगावे. तोच मनुष्य, तेच यंत्र, एका आठवड्याने पुन्हा. प्रकृती बदलली तर विचारावे, रुग्ण बदलला की बिंदू?

मंडळातील काही ज्येष्ठांचे म्हणणे असे, की भावमिश्रांचे वचन सिद्ध करण्यास त्रिकोणांच्या जाळीची गरजच काय. वचन प्रमाण आहे. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून आम्ही भिन्न मत नोंदवितो. वचन प्रमाण मानले तरी आपल्या पोत्यातले फळ त्या वचनातले आहे की नाही, हा प्रश्न उरतोच, आणि तो रोज उरतो. दुसऱ्या बाजूस, ‘पुंजके मिसळले म्हणजे सात जाती थोतांड ठरल्या’ असे म्हणणाऱ्या तरुण मित्रांसही आमची सहमती नाही. दोन बाजारांतले हिरडे वेगळे पडले नाहीत, एवढेच आज म्हणता येते. त्या पोत्यांत रोहिणी होती हे कोणी सांगितले होते?

लेख छापला असता तर काय झाले असते, याचाही विचार व्हावा. व्यापार अशा चित्रांची वाट पाहत असतो. अभया म्हणून एका ढिगास चढा भाव, दुसऱ्यास नकार. आणि आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात हिरडा वेचून वाळविणाऱ्या आदिवासी कुटुंबाच्या पाटीत, सहाध्यायाने फळ उलटे धरले म्हणून, कमी दाम पडला असता. आमच्या मते ही गोष्ट शास्त्रीय चुकीहून लहान नाही.

यापुढे आकारमापनावरील लेख आमच्याकडे आला तर त्यासोबत मूळ जाळ्या, सफाईनंतरच्या जाळ्या आणि बिंदूंच्या फाइली आम्ही मागू. प्रत्येक बिंदू कोठे व कसा ठेवला, फळ कोणत्या बाजूने धरले, याचे चित्र मागू. काही फळांवर तरी बिंदू पुन्हा एकदा, पहिले आकडे न पाहता, आणि दुसऱ्या हातानेही ठेवलेले असावेत. एकाच फळाच्या दोन मोजण्यांतील अंतर दोन फळांतील अंतराइतके निघाले, तर पुढे वाचण्याचे श्रम आम्ही घेणार नाही. एका माणसाने एक गट आणि दुसऱ्याने दुसरा, अशी वाटणी चालणार नाही. दोघांनीही दोन्ही गटांतील फळे मिसळून घ्यावीत.

विद्यार्थ्याने काम सोडलेले नाही. त्यास नव्या फळांची गरज आहे, आणि ती औषधीनिर्मात्या सभासदांनी द्यावी अशी आमची विनंती आहे. निवडलेला माल पाठवू नये. पोत्यातून डोळे मिटून ओंजळभर घ्यावा. गाव, वेचणीचा महिना आणि उन्हात की सावलीत वाळविले हे चिठ्ठीवर लिहावे, कारण कंगोरे सुकण्यावर अवलंबून असतात. फळे भट्टीत तापवू नयेत, घासूनपुसू नयेत, आणि देठाकडची बाजू मोडलेली फळे काढून टाकू नयेत. ती किती होती, हेही मोजावयाचे आहे. आपल्या दृष्टीने रोहिणी कोणती आणि अभया कोणती, हे निराळ्या कागदावर लिहून पाकीट बंद करून पाठवावे. ते पाकीट बिंदू ठेवून झाल्यावरच उघडण्यात येईल.